पहिल्या ‘नको’ला थांबायचं

आमच्या ह्यांना गावात कुणी नावानं हाक मारत नसे. घ्याघ्या म्हणत. लग्नकार्यात पंगत बसली की हे वाढायला उभे राहायचे, आणि ह्यांच्या हातातलं भांडं रिकामं झाल्याशिवाय समोरच्या माणसाची सुटका नसायची. कुणी ताटावर हात आडवा धरला तर हे हाताखालून वाढायचे. कुणी ताटावर ओणवं झालं तर कानापाशी जाऊन त्याच्या आईची आठवण काढायचे. मी आत भट्टीपाशी, हे बाहेर पंगतीत, असा आमचा संसार होता. स्वयंपाक माझा, पण कामं मिळायची ती ह्यांच्या वाढण्यामुळे. लोक सांगायचे, घ्याघ्यांना बोलवा, पाहुणा तृप्त होऊन जाईल.

मग लग्नांत बुफे आला. पाहुणे ताट घेऊन स्वतःच रांगेत उभे राहायला लागले. वाढप्यानं टेबलामागे कागदी टोपी घालून उभं राहायचं आणि समोर ताट आलं की एक चमचा टाकायचा. ह्यांनी एका लग्नात ती टोपी घातली आणि त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

तेवढ्यात धाकट्या दिरांचा फोन आला. भाऊजी बऱ्याच वर्षांपासून परदेशात मालाची गाडी चालवतात. त्यांच्या घराजवळ एक छोटं दुकान रिकामं झालं होतं. चार टेबलं बसतील, आपल्यासारखं जेवण देणारं इथे कुणी नाही, तुम्ही दोघं या, असं ते म्हणाले. मी विचारलं, भाषेचं काय? ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, “पोटाला भाषा लागत नाही.” हे वाक्य ह्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की निघेपर्यंत भेटेल त्याला ऐकवलं. मोठी पातेली विकली, घर भाड्यानं दिलं आणि आम्ही निघालो. विमानात शेजारच्या माणसाला हे आमच्या डब्यातली चपाती घ्या घ्या करत राहिले. त्या बिचाऱ्यानं झोपेचं सोंग घेतलं. मी खिडकीबाहेर बघत बसले, जणू ह्यांना ओळखतच नाही.

दुकानाच्या एका बाजूला बूट दुरुस्त करणारा म्हातारा, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याचं दुकान. मागे स्वयंपाकघर इतकं अरुंद की दोघं समोरासमोर आलो की एकानं मागे सरायचं. वर जिन्यासारखा जिना नव्हे, शिडीच, आणि शिडीच्या वर आमची राहायची खोली. जागा मला आवडली. बाहेरचं जग मात्र नाही. बाजारात गेलं की वस्तूकडे बोट दाखवायचं, आणि बोट दाखवायला ती वस्तू समोर नसेल तर ती न घेताच परत यायचं. कुणी रस्त्यात काही विचारलं की मी हसायची. काय विचारलं कुणास ठाऊक. एकदा एक बाई रडवेल्या चेहऱ्यानं काहीतरी विचारत होती आणि मी आपली हसतेय. घरी येऊन मला स्वतःची लाज वाटली. दारावरची बेल वाजली तरी मी दाराआडच उभी राहायची, कारण दार उघडलं की बोलावं लागणार.

हे सगळं मी सोसलं असतं. खरी भीती परवान्याची होती. भाऊजींनी नीट समजावून सांगितलं होतं. अन्नखात्याचा माणूस येणार, स्वयंपाकघर तपासणार आणि सगळं ठीक असेल तर शिक्का मारणार. शिक्का मिळाला तर हॉटेल उघडायचं. आमचा व्हिसा त्या हॉटेलाच्या जोरावर होता. हॉटेल वेळेत उघडलं नाही तर व्हिसा वाढणार नाही आणि परत जायचं. परत जायचं म्हणजे कुठे? घरात भाडेकरू आणि पातेली दुसऱ्याच्या चुलीवर.

मी ते स्वयंपाकघर असं घासलं की भिंतींचा रंग उजळला. कच्चं कापायची पाटी वेगळी, शिजलेल्याची वेगळी. हात धुवायला वेगळं बेसिन, त्याच्यावर साबण, फ्रिजमध्ये थर्मामीटर. भाऊजी सांगतील तसं सगळं केलं. तपासणीच्या वेळी बोलायला तेच येणार होते. पण ऐन वेळी त्यांची गाडी माल उतरवायच्या रांगेत अडकली. त्यांचा फोन आला, मी निघालोच आहे, तोवर साहेबांना बसवून ठेवा. फोन ह्यांनी घेतला होता. ‘बसवून ठेवा’चा अर्थ आमच्या ह्यांच्या डोक्यात एकच, पानावर.

साहेब उंच, कमी बोलणारे. सगळीकडे बॅटरी मारून पाहिलं, नळ सोडून पाहिले, फ्रिजमध्ये डोकावले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बसले होते. चेहऱ्याला तर भाषा नसते ना, तो वाचता येतो. त्यांचं समाधान झालं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांनी बॅगेतून शिक्क्याची डबी काढून टेबलावर ठेवली. माझा जीव भांड्यात पडला.

आणि हे आतून ताट घेऊन आले.

साहेबांनी हात हलवून नको म्हटलं. आपल्याकडे पहिला नको म्हणजे रीत, दुसरा नको म्हणजे संकोच. तिसऱ्या नकोनंतर माणूस खरं बोलायला लागतो. साहेब तीनदा नको म्हणाले, चारदा म्हणाले. हे हसत हसत खुर्ची पुढे करत होते, चपाती मोडून दाखवत होते, पोटावर हात फिरवून दाखवत होते. मी “अहो, राहू द्या” म्हणाले तर मलाच डोळ्यांनी गप्प केलं. साहेब उभेच राहिले तेव्हा ह्यांनी जेवण डब्यात भरलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला. मग ह्यांनी काय करावं? बाहेर जाऊन त्यांच्या गाडीच्या उघड्या खिडकीतून डबा आत सीटवर ठेवून आले आणि हात झटकत परत आले, पंगत जिंकल्यासारखे.

साहेबांचा चेहरा बदलला. ते बाहेर गेले, डबा काढून आमच्या उंबऱ्यावर ठेवला आणि फोन काढून त्याचा फोटो घेतला. मग आत येऊन शिक्क्याची डबी बॅगेत टाकली, दोन वाक्यं बोलले आणि निघून गेले. ती दोन वाक्यं काय होती हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. हे म्हणाले, “लाजला बहुतेक.”

भाऊजी धापा टाकत आले आणि झालेला प्रकार ऐकून खुर्चीत बसले. डोकं हातांत धरलं. म्हणाले, “दादा, इथे सरकारी माणसाला असं काही दिलं तर त्याला लाच म्हणतात.”

“भाजी-चपाती?”

“भाजी-चपाती. गाडीत नेऊन ठेवलीस. त्यानं फोटो काढला ना?”

“लाच लपवून देतात रे,” हे म्हणाले. “मी तर सगळ्यांसमोर दिली.” एवढं बोलून हे डबा घेऊन मोरीपाशी गेले आणि तो भरलेलाच डबा हातात धरून बराच वेळ तिथे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कचेरीत जाऊन आले. बरीच आर्जवं केली म्हणे, आमच्याकडे पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत, हा अडाणीपणा आहे, लबाडी नाही. तिथल्या लोकांनी ऐकून घेतलं. एक संधी मिळाली. दुसरा अधिकारी येऊन पुन्हा तपासणी करणार, पण असा प्रकार पुन्हा घडला तर परवाना कायमचा नाकारणार. तारीख मागाहून कळणार होती. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. व्हिसाचे दिवस तर सरत होते. मी सकाळी उठून घासलेलंच स्वयंपाकघर पुन्हा घासायची. खालच्या रस्त्यावर गाडी थांबली की हातातलं काम टाकून खिडकीशी धावायची. पोलीस येतील, आम्हाला धरून नेतील, मला त्यांच्याशी एक शब्द बोलता येणार नाही आणि मी तिथेही नुसती हसत राहीन, असलं काय काय मनात यायचं.

आणि हे? ह्यांचं म्हणणं, त्या साहेबांची समजूत काढायला आपणच एकदा घरी जाऊन यावं. हात हलवत कसं जायचं, काहीतरी गोड करून नेऊ. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी लग्नानंतर कधी बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, “तुमच्या घ्या-घ्यापायी आपण रस्त्यावर येणार आहोत. लोकांना नको असतं तुमचं वाढणं. गावातही नकोच असायचं, तोंडावर बोलत नव्हते एवढंच.”

त्यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. मला माहीत होतं आणि तरी तेच बोलले, कारण लागेल असं दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. हे उठले. खाली जाऊन दुकानातल्या खुर्च्या सरळ करत बसले, त्या सरळच होत्या.

भाऊजींनी मग तालीम सुरू केली. कामावरून आले की खुर्चीत साहेब होऊन बसायचे. नियम एकच, पहिल्या ‘नको’ला थांबायचं. इथल्या भाषेतला ‘नको’ त्यांनी आम्हा दोघांकडून घोकून घेतला. हे भांडं घेऊन पुढे यायचे, भाऊजी ‘नको’ म्हणायचे, हे थांबायचे. क्षणभर थांबायचे हं, आणि मग हात आपोआप पुढे जायचा. “अरे, अर्धी तरी घे, अर्धीनं काय होतंय?” भाऊजी कपाळाला हात लावायचे. मी हसू दाबायची आणि दुसऱ्याच क्षणी व्हिसाचे उरलेले दिवस मोजायची, कारण ही गंमत नव्हती. भाऊजींनी मग भांडंच काढून घेतलं. अधिकारी असेपर्यंत हात पाठीमागे बांधायचे, काही म्हणजे काही द्यायचं नाही, खुर्ची नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. ह्यांनी विचारलं, “पाणीपण नाही?” भाऊजी ठासून म्हणाले, पाणीपण नाही.

हे शिकले. माझ्या त्या बोलण्यानंतर हे इतकं मन लावून शिकले की मला ते बघवत नव्हतं.

तारीख आली. त्या दिवशी भाऊजींनी सुट्टीच काढली. ह्यांना तेवढा वेळ फिरायला पाठवावं असं मी सुचवलं, पण मालक हजर हवा, असा नियम होता. हे भिंतीला टेकून उभे राहिले, हात पाठीमागे, डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं.

या वेळी बाई आल्या. साठीच्या असतील. बाहेर बोचरी थंडी होती आणि त्यांना खोकला झाला होता. साधा नव्हे, आतून ढवळून काढणारा. दाराशीच एक उबळ आली, कोट काढताना दुसरी. भाऊजी त्यांच्याबरोबर बोलत आत गेले. पाट्या, साबण, फ्रिज, सगळं पाहून झालं. मग त्यांनी नळ सोडला आणि पाणी किती गरम येतं ते बघायला हात खाली धरून उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं आणि बाई खोकत होत्या. एका हातानं बेसिनची कड पकडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. उबळ थांबली तेव्हा त्यांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली. ती रिकामी होती. बाटली उलटी करून बघितली आणि परत पिशवीत ठेवली.

ग्लास ह्यांच्या कोपरापाशी फळीवर होते, घासून उपडे ठेवलेले. मी बाईंकडे बघतच नव्हते, मी ह्यांच्या मनगटाकडे बघत होते. बोटं पांढरी पडली होती. मी मनात देवाचा धावा करत होते आणि काय मागत होते तर माझ्या नवऱ्यानं तहानेल्या माणसाला पाणी देऊ नये. हलू नका, हलू नका, एवढंच. बाईंनी एकदा फळीवरच्या ग्लासांकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली.

हे हलले नाहीत.

बाईंनी बाहेर येऊन टेबलावर परवान्याचा कागद ठेवला आणि त्यावर शिक्का मारला. आमच्याशी हात मिळवला, तेव्हा ह्यांना मनगट सोडावं लागलं. त्या खोकत खोकतच गेल्या, रस्त्याच्या वळणापर्यंत खोकला ऐकू येत होता.

घोडं गंगेत न्हालं. भाऊजींनी मला परवाना भिंतीवर कुठे लावायचा ते दाखवलं, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मोकळेपणानं हसत म्हणाले, “दादा, तूपण कमाल आहेस. पाणी दिलं असतंस तरी चाललं असतं रे. पाण्याला कोण काय म्हणणार?”

मी भाऊजींवर जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय बोलले ते आठवत नाही, पण ते निमूटपणे कोट चढवून घरी गेले. हे मधे पडले नाहीत. फळीवरचा एक ग्लास घेतला, नळाखाली भरला आणि पिऊ लागले. दोन घोट पिऊन उरलेलं ओतून दिलं.

हॉटेल उघडलं. मला वाटलं होतं कुणी फिरकणार नाही, आणि फिरकलं तर काय बोलायचं, म्हणून भीती दोन्हीकडून होती. पहिला आला तो शेजारचा बूटवाला म्हातारा. मग कपडे धुण्याच्या दुकानातल्या दोन बायका, मग त्यांच्या ओळखीचे कुणी. ताटांचे फोटो भिंतीवर लावले होते, त्यावर ते बोट ठेवायचे आणि मी आणायची. वाढायला हे. म्हाताऱ्यानं ताट पुसून खाल्लं तेव्हा हे भांडं घेऊन गेले. म्हाताऱ्यानं हात हलवला. मी आतून श्वास रोखून बघत होते. ह्यांनी मान लववली आणि परत फिरले, एक शब्द न बोलता. त्या बायकांच्या टेबलाशी तसंच. एकीला बहुधा अजून हवं होतं, ती भांड्याकडे बघत होती, पण तोंडानं नको म्हणाली होती, म्हणून हे परत फिरले. सगळे हसतमुखानं गेले. उद्या येतो असं म्हाताऱ्यानं हातानं सांगितलं. तेवढं मला कळलं. जिंकलो होतो आम्ही. गल्ल्यापाशी बसून मी थोडी रडलेसुद्धा, आनंदानं म्हणा.

दुपारी दार लावून आम्ही जेवायला बसलो. इथे आल्यापासून असं निवांत बसणं पहिल्यांदाच. सकाळपासून उभी होते, पोटात कावळे ओरडत होते. ह्यांनी माझं ताट वाढलं. मी भराभर जेवले. भात संपला तसे हे भांडं घेऊन माझ्यापाशी आले आणि मी लग्न झाल्यापासून रोज म्हणते तसं म्हणाले, “नको.”

ह्यांनी हात मागे घेतला. भांड्यावर झाकण ठेवलं आणि आपल्या जागेवर जाऊन जेवायला लागले.

मी ताटाकडे बघत बसले. वाटलं, चेष्टा करतायत, आत्ता उठतील, एवढ्यानं काय होतंय म्हणतील. मी ताट थोडं पुढेही सरकवलं. हे मान खाली घालून जेवत होते. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला कळलं असतं, समजूत काढता आली असती. नको म्हटलं होतं, म्हणून थांबले होते, बास.

माझ्या सासरी-माहेरी कुठल्या बाईनं पानावर बसून अजून मागितलेलं मी पाहिलेलं नाही. माझ्यावर तर कधी तशी वेळच आली नव्हती. शब्दसुद्धा जुळेना. बाजारात उभी राहायची तशी मी माझ्याच घरात, माझ्याच माणसासमोर शब्द शोधत बसले.

“अहो,” मी म्हणाले. “मला भात हवाय.”

ह्यांनी वर पाहिलं. उठले, भांडं आणलं, झाकण काढलं, डाव बुडवला आणि ताटावर धरून तसेच थांबले.

“किती?” ह्यांनी विचारलं.